टेबल लहान पडले

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी नदी ओलांडतो आणि चाकणला पोहोचतो. पहाट झाली की या रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्या आणि मालाने भरलेले ट्रक यांची रांग लागते. एके काळी चाकण हे गाव भुईकोट किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. आता तेथे मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. पिंपरी-चिंचवडची गोष्ट याहून थोडी जुनी आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. मग एकामागून एक कारखाने आले, वस्ती वाढली आणि १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली.

मोठ्या कारखान्यांच्या पाट्या रस्त्यावरून दिसतात. लहान कारखाने मात्र आतल्या गल्ल्यांत असतात. पत्र्याचे छप्पर, दोन-तीन यंत्रे आणि चार-पाच माणसे, एवढाच त्यांचा पसारा असतो. पण मोठ्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीतला एखादा छोटासा बुश किंवा एखादी पिन अशाच गल्लीत तयार झालेली असते.

मी चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. या कामात एक नियम पहिल्या दिवसापासून शिकवला जातो. यंत्र बंद पडले की आधी कारण शोधायचे आणि मगच पान्हा हातात घ्यायचा. पट्टा तुटला म्हणून घाईने नवा पट्टा चढवला आणि पुली वाकडीच राहिली, तर नवा पट्टाही चार दिवसांत तुटतो. पैसे जातात, वेळ जातो आणि दुखणे तसेच राहते. हा नियम कारखान्याबाहेरही किती उपयोगी पडतो, ते मला एका संगणकाने दाखवले.

आमच्या शेजारी चाचांचे घर आहे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही चाचाच म्हणतो. ते मला भाऊ म्हणतात. भोसरीत त्यांचे लहानसे वर्कशॉप आहे. तेथे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे. पूर्वी त्यांच्याकडे काम येई ते कागदावरच्या ड्रॉइंगसह. तो कागद भिंतीला टाचून ते काम करत. काम संपेपर्यंत त्यावर तेलकट बोटांचे ठसे उमटलेले असत. पुढे ग्राहक कागद पाठवेनासे झाले. त्याऐवजी संगणकावरची फाइल येऊ लागली. चाचा ती फाइल घेऊन बाहेरच्या दुकानात जात आणि पैसे देऊन छापून आणत. ग्राहकाने एखादे माप बदलले की पुन्हा एक फेरी होई आणि पुन्हा पैसे द्यावे लागत.

चाचांच्या मुलीने दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढण्याचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला होता. २०२२ मध्ये ती शेवटच्या वर्षाला होती. त्यानंतर तिला तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यायचा होता. त्या खर्चासाठी चाचींनी घरखर्चातून पै पै वाचवून चाळीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्या पैशांना घरात कोणी हात लावत नसे.

घरात एक संगणक होता. एका ऑफिसने आपले जुने संगणक विकायला काढले, तेव्हा चाचांनी त्यांतला एक आणला होता. बाजारात दोन प्रकारचे संगणक मिळतात. एकात दुकानदार आपल्या पसंतीचे भाग निवडून जोडून देतो. दुसरा कंपनीतून जोडूनच येतो. चाचांचा संगणक दुसऱ्या प्रकारचा होता. त्याची पेटी सडपातळ होती. एखादा जाड शब्दकोश आडवा ठेवावा, तशी ती टेबलावर बसे. दिसायला सुबक, पण चालायला भारी सुस्त! मुलगी ड्रॉइंगची फाइल उघडायला टाकी आणि तोवर चाचींना चहा करून देऊन येई. फाइल उघडली तरी रेषा ओढायला जावे आणि ती थांबून थांबून उमटावी, असे चाले. शिवाय शेजारी दुसरा एखादा प्रोग्रॅम उघडला की सगळेच थिजून जाई.

चाचांनी संगणक एका दुकानात नेला. दुकानदाराने पेटी उघडलीसुद्धा नाही. संगणक आठ वर्षांचा आहे, आता नवाच घ्या, असे त्याने सांगितले. नव्याची किंमत होती सुमारे चाळीस हजार रुपये. म्हणजे चाचींनी ज्या पैशांना कोणाला हात लावू दिला नव्हता, तेवढेच पैसे. संगणक घ्यावा तर प्रवेश अडतो. प्रवेश घ्यावा तर अभ्यासाला संगणक नाही. चाचा दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगीच म्हणाली, "अब्बा, या वर्षी संगणक घेऊ. पदविका पुढच्या वर्षी बघता येईल." असे 'पुढचे वर्ष' आमच्या गल्लीत अनेक मुलींच्या बाबतीत कधी उगवलेच नाही. हे तिलाही ठाऊक होते आणि चाचांनाही.

त्या रविवारी चाचा माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही एवढी मोठमोठी यंत्रे दुरुस्त करता. जरा हेही पाहा. नाही जमले तर नाही जमले."

मी संगणकाचा तंत्रज्ञ नाही. पण यंत्र पाहायचे कसे, ते मला माहीत होते. मी मुलीला विचारले, "संगणक नेहमीच हळू चालतो, की काही वेळा?"

ती क्षणभर विचार करून म्हणाली, "काका, सुरू केल्यावर एकच लहान काम केले तर बरा चालतो. ड्रॉइंग उघडले की बिघडतो."

हे उत्तर फार मोलाचे होते. जे यंत्र नुसते म्हातारे झाले आहे, ते सगळीच कामे हळू करते. जे ठरावीक वेळीच अडते, त्याला कोठेतरी ठरावीक अडचण असते.

संगणकाला स्वतःची नाडी दाखवता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावर किती भार आहे, ते आकडे तेथे दिसतात. मुलीने ती खिडकी उघडून ठेवली. सुरुवातीला सगळे आकडे शांत होते. मग तिने ड्रॉइंग उघडले. मेमरीचा आकडा चढत चढत ९५ टक्क्यांवर गेला. लगेच डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन बसला. प्रोसेसर मात्र निवांत होता. त्याच्यावर वीस टक्केही भार नव्हता.

चाचा म्हणाले, "मग डिस्क बिघडली आहे का?"

वरवर पाहता तसेच वाटत होते. पण डिस्क आधी धापा टाकू लागली नव्हती. आधी मेमरी भरली आणि मग डिस्क धावू लागली. कोण आधी आणि कोण नंतर, हे नीट पाहिले की कारण आणि परिणाम वेगळे काढता येतात.

हे चाचांना समजावून सांगायला फार शब्द लागले नाहीत. मी म्हटले, "चाचा, डिस्क म्हणजे तुमच्या वर्कशॉपमधली सामानाची फळी. वीज गेली तरी तिच्यावरचे सामान जागेवर राहते. मेमरी म्हणजे कामाचे टेबल. जो जॉब हातात आहे, तो टेबलावर घ्यावा लागतो. टेबल लहान असेल तर काय होते?"

चाचा म्हणाले, "एक जॉब ठेवायला दुसरा उचलून फळीवर ठेवावा लागतो."

"आणि तोच पुन्हा लागला तर?"

"पुन्हा फळीकडे जावे लागते." एवढे बोलून चाचा हसले. "म्हणजे माझा कारागीर रिकामा उभा आहे आणि पोऱ्या दिवसभर फळी ते टेबल अशा फेऱ्या मारतो आहे, असेच ना?"

अगदी तसेच होते. प्रोसेसर हा कारागीर. तो उभा राहून वाट पाहत होता. फेऱ्या मारणारी डिस्क होती. तिच्यात फिरणारी तबकडी असते. तबकडीवरची एखादी गोष्ट शोधायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. मेमरीला तेच काम करायला सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास वेळ पुरतो. म्हणजे टेबलावरची वस्तू उचलणे आणि फळीवरची आणणे यांत जवळजवळ एक लाख पटींचा फरक झाला. टेबल भरले की संगणक का थिजतो, ते यावरून कळते.

चाचांच्या संगणकात चार जीबी मेमरी होती. ऑफिसातली पत्रे आणि हिशेब यांना ती पुरत असे. मोठ्या ड्रॉइंगला ती पुरणे शक्यच नव्हते. संगणक बिघडलेला नव्हता. त्याच्याकडे आलेले काम बदलले होते आणि टेबल जुनेच राहिले होते.

मेमरी हा शब्द आपण सहज वापरतो. पण ही वस्तू तयार करण्यासाठी माणसाने फार खटपट केली आहे. आपल्या महाराष्ट्रातच त्याचे एक मोठे उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी टिफ्रॅक नावाचा संगणक तयार केला. १९६० मध्ये तो काम करू लागला. त्याने एक मोठी खोली व्यापली होती. त्याची मेमरी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. कड्यांतून तारा ओवलेल्या असत. एक कडे म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढीच एक खूण. त्यात चाळीस खुणांचा एक शब्द, असे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ते फक्त दहा केबी होतात. एवढ्याशा टेबलावर आपल्या शास्त्रज्ञांनी अवघड गणिते सोडवली. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने परम ८००० हा महासंगणक तयार केला, तो तर आमच्या शेजारच्याच शहरात.

आजची मेमरी कड्यांची नसते. १९६६ मध्ये रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याला एक युक्ती सुचली. एक खूण जपायला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा पुरे आहे, असे त्याने दाखवले. या युक्तीमुळे मेमरी लहान आणि स्वस्त झाली. तिच्यात एक उणीव मात्र आहे. विजेचा तो साठा गळतो. म्हणून संगणक प्रत्येक खूण पुन्हा पुन्हा वाचतो आणि पुन्हा भरतो. एका सेकंदात साधारण सोळा वेळा ही उजळणी चालते. ज्यांनी संपूर्ण कुराण पाठ केले आहे, ते हाफिजसाहेबसुद्धा रोज उजळणी करतात. पाढे पाठ करणारी मुलेही तेच करतात. स्मरण माणसाचे असो की यंत्राचे, उजळणी थांबली की ते पुसट होते. वीज गेली की संगणकाची उजळणी थांबते आणि टेबल कोरे होते. म्हणूनच काम करताना ते वेळोवेळी सेव्ह करावे, म्हणजे फळीवर ठेवावे, असे सांगतात.

आता प्रश्न होता, या संगणकात मेमरी वाढवता येईल का? कंपनीतून जोडून आलेल्या संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न जपून सोडवावा लागतो. त्याची पेटी, वीज देणारा भाग आणि आतली मांडणी कंपनीने आपल्या सोयीने केलेली असते. बाजारातली हवी ती वस्तू त्यात बसतेच असे नाही. म्हणून मी मुलीला म्हटले, "खरेदीला जाण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आण."

पहिला प्रश्न असा होता, की मेमरीची पट्टी बसवायच्या जागा किती आहेत आणि रिकाम्या किती? टास्क मॅनेजरमध्येच ते लिहिले होते. दोन जागा होत्या आणि त्यांतली एक रिकामी होती.

दुसरा प्रश्न, संगणक जास्तीत जास्त किती मेमरी स्वीकारतो? पेटीच्या मागे छापलेल्या मॉडेलवरून तिने कंपनीची माहितीपुस्तिका शोधली. प्रत्येक जागेत आठ जीबी, म्हणजे एकूण सोळा जीबी चालणार होती.

तिसरा प्रश्न, पट्टी कोणत्या पिढीची? मेमरीच्या पिढ्या असतात. डीडीआर-३ ही पिढी २००७ मध्ये आली, डीडीआर-४ ही २०१४ मध्ये आणि डीडीआर-५ त्यानंतर. प्रत्येक पिढीला विजेचा दाब वेगळा लागतो. डीडीआर-३ ला दीड व्होल्ट, तर डीडीआर-४ ला १.२ व्होल्ट. चाचांचा संगणक डीडीआर-३ चा होता आणि त्याच्या पट्टीचा वेग १६०० होता.

चौथा प्रश्न, संगणकाची कार्यप्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची? हा प्रश्न पुष्कळ लोक विसरतात. ३२ बिटची प्रणाली ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मोजू शकते, म्हणजे चार जीबी. ज्या घराला पत्ता नाही, तेथे पोस्टमन जात नाही. तसेच चार जीबीच्या पुढच्या मेमरीकडे ही प्रणाली जातच नाही. सुदैवाने चाचांच्या संगणकात ६४ बिटची प्रणाली होती.

उत्तरे हातात आल्यावर आम्ही तिघे बाजारात गेलो. पट्टी चार जीबीची घ्यावी की आठची, असा विचार पडला. मुलगी म्हणाली, "काका, चारची घेतली तर दोन्ही जागा भरतील आणि एकूण आठच होतील. आठची घेऊ. बारा होतील." तिचा हिशेब मला पटला. एका दुकानात आम्हांला घाईगर्दीत एक पट्टी दिली गेली. तिने ती हातात घेऊन नीट पाहिली. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते आणि त्या रांगेत एक खाच असते. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. चुकीची पट्टी बसूच नये, म्हणून ही सोय केलेली असते. "ही डीडीआर-४ आहे. आमच्या संगणकात बसणार नाही," ती दुकानदाराला म्हणाली. दुकानदाराने लेबल वाचले, मान डोलावली आणि कपाटाच्या तळातून जुन्या पिढीची, वापरलेली पण तपासलेली पट्टी काढून दिली. किंमत पडली अकराशे रुपये. महिनाभरात बिघडली तर बदलून देईन, असे त्याने पावतीवर लिहून दिले.

घरी आल्यावर मुलीने आधी आपल्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मेमरी बदलल्याने डिस्कवरचे काही पुसले जात नाही. तरीही यंत्र उघडण्याआधी मौल्यवान वस्तू बाजूला ठेवाव्यात, हे चांगलेच. मग तिने संगणक बंद केला आणि विजेची वायर भिंतीतून काढली. वायर काढल्यावर सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून गेली. पेटी उघडून तिने आतल्या उघड्या लोखंडी भागाला हात लावला. आपल्या अंगावर, विशेषतः थंडीच्या कोरड्या दिवसांत, स्थिर वीज साठते. तिची एक बारीक ठिणगीही चिपला मारू शकते. धातूला स्पर्श केला की ती वीज उतरून जाते.

पेटी उघडली, पण पट्टीच्या जागा दिसेनात! सडपातळ पेटीत कंपनीने जागा वाचवण्यासाठी डिस्कचा सांगाडा नेमका त्यांच्या वर बसवला होता. चाचा पुढे झाले. तीस वर्षे यंत्रे उघडणाऱ्या त्या हातांना खटका कोठे असेल, हे न पाहताच कळत होते. त्यांनी हिरव्या रंगाचा एक छोटा खटका दाबला आणि सांगाडा दाराप्रमाणे वर उचलला गेला. खाली दोन लांबट खाचा होत्या. एकीत जुनी पट्टी होती आणि दुसरीत आठ वर्षांची धूळ. चाचांनी मऊ कुंचल्याने धूळ झाडली. मुलीने नव्या पट्टीची खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. खट् असा आवाज झाला.

वायर जोडून संगणक सुरू केला. पडदा काळाच राहिला. आतून 'बीप, बीप' असा आवाज येऊ लागला. चाचींचा चेहरा उतरला. त्या दारातूनच म्हणाल्या, "होता तोही गेला का?"

मुलगी घाबरली नाही. ती म्हणाली, "अम्मी, तो बोलतो आहे म्हणजे जिवंत आहे." तिचे बरोबर होते. पडदा सुरू होण्याआधी काही अडचण आली, तर ती सांगण्यासाठीच बीपची योजना असते. संगणक बंद करून, वायर काढून आम्ही पुन्हा पाहिले. पट्टीच्या दोन टोकांना दोन चिमटे असतात. एका टोकाचा चिमटा मिटला होता, दुसऱ्या टोकाचा अर्धाच मिटला होता. अरुंद जागेत तेथवर अंगठा पोहोचत नव्हता. चाचांनी सांगाडा आणखी वर धरून ठेवला. मुलीने पट्टी काढली, तिचे सोनेरी दात कोऱ्या कापडाने हलकेच पुसले आणि ती पुन्हा सरळ दाबली. या वेळी दोनदा खट् झाले.

संगणक सुरू झाला. बीप आला नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीपुढे आकडा होता, बारा जीबी. मुलीने तेच मोठे ड्रॉइंग उघडले. चाचींना चहा करायला वेळच मिळाला नाही. मेमरीचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबला. डिस्क थोडी धावली आणि शांत झाली. पडद्यावर रेषा हाताबरोबर चालत होती.

चाचा बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "अकराशे?" आम्ही दोघांनी मान हलवली. चाची काही न बोलता आत गेल्या. कपाट उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. चाळीस हजार रुपये जागेवर आहेत ना, ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिले असावे.

त्या वर्षी मुलीने पदविकेला प्रवेश घेतला. दिवसा अभ्यास आणि रात्री वर्कशॉपची ड्रॉइंग, असा तिचा क्रम सुरू झाला. बाहेरच्या दुकानातल्या फेऱ्या बंद झाल्या. एकदा ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये दोन मापे एकमेकांशी जुळत नव्हती. ते तिच्या लक्षात आले आणि माल कापण्याआधीच चाचांनी ग्राहकाला फोन केला. त्या दिवशी वाचलेला माल पट्टीच्या किमतीपेक्षा जास्त होता.

या गोष्टीचा कोणी उलटा अर्थ काढू नये, म्हणून आणखी एक सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याने ही हकिकत ऐकली आणि आपल्या संगणकातही मेमरी वाढवायची ठरवली. मी त्याला आधी आकडे पाहायला सांगितले. त्याची मेमरी निम्मीही भरत नव्हती. ज्याचे टेबल अर्धे रिकामे आहे, त्याने टेबल वाढवून काय मिळणार? त्याची खरी अडचण जुनी होत चाललेली डिस्क होती. त्याने डिस्क बदलली आणि त्याचे काम झाले. प्रत्येक यंत्राचे दुखणे वेगळे असते. शेजाऱ्याचे औषध आपल्याला लागू पडेलच असे नाही.

आणि मेमरी वाढवली म्हणून यंत्र तरुण होत नाही, हेही खरे. प्रोसेसर जुना होता, तो जुनाच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची मदत कंपनीने थांबवली. विंडोज ११ ला जे भाग लागतात, ते चाचांच्या संगणकात नाहीत. मुलीने मग त्यात लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली. आता तो संगणक वर्कशॉपमध्ये असतो. चाचा त्यावर हिशेब ठेवतात आणि ड्रॉइंग पडद्यावरच पाहतात. २०२२ मध्ये तो भंगारात गेला असता, तर वजनावर विकला गेला असता. त्यातले तांबे काढण्यासाठी कोणी वायरी जाळल्या असत्या आणि तो विषारी धूर एखाद्या वस्तीने श्वासात घेतला असता. जुन्या विजेच्या वस्तू नोंदणी केलेल्या केंद्राकडेच द्याव्यात. एक दिवस हा संगणकही तेथे जाईल. पण काम संपल्यावर जाईल, काम असताना नाही.

पदविका पूर्ण झाल्यावर मुलीला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली. परवा तिने स्वतःच्या पगारातून नवा संगणक घ्यायचे ठरवले आणि मला बरोबर नेले. दुकानातल्या मुलाने संगणकाचा रंग दाखवला, पडदा दाखवला, आतले चमकणारे दिवे दाखवले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "मेमरीच्या जागा किती आहेत? आणि त्यांतल्या रिकाम्या किती?"